कासा गावची मिया

चैत्रात अर्जुनाचं जाडजूड पाकीट आलं. पत्र एवढंसं, बाकी सगळी इटली. रस्त्यांचा नकाशा होता तो. उलगडत जाऊ तसा वाढतच गेला, सोप्यात मावेना. शेवटी घोंगडं अंथरून त्यावर पसरला. एका कोपऱ्यावर तांब्या ठेवला, दुसऱ्यावर पानाचा डबा, तिसऱ्यावर पायली, आणि चौथ्या कोपऱ्यावर माझी जाऊ मनुबाई स्वतःच बसली.

अर्जुना आमचा थोरला. सांगलीला यंत्रांचं शिकला आणि चार वर्षांपूर्वी पश्चिम जर्मनीत कारखान्यात लागला. पत्रात लिहिलं होतं : सप्टेंबरात दोघं या. तिकिटं मी पाठवतो. मला सात दिवसांची रजा आहे, जुनी का होईना मोटार आहे, तिघं मिळून इटली बघून येऊ. आबांनी लढाईत ती बघितलेलीच आहे, तेव्हा कुठं जायचं, कोणत्या दिवशी कुठं मुक्काम करायचा, हे आबांनीच ठरवून कळवावं.

आबा म्हणजे आमचे हे. मानसिंग. आमचं गाव पलूसच्या अलीकडं. इथं घराआड एक माणूस पलटणीत गेलेला, त्याचं कुणाला अप्रूप नाही. पण इटलीत जाऊन परत आलेले तिघंच, आणि त्यांतले आज हयात हे एकटे. म्हणून गाव यांना 'इटलीचं आबा' म्हणतं. हे मुळात कमी बोलणारे, त्यामुळं यांची लढाई गावानंच रचून दिली. यांनी मशीनगन चालवली, यांनी टेकडी घेतली, यांच्या टोपीतून गोळी आरपार गेली. हे हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. खरं काय ते मला ठाऊक होतं. पलटणीत यांच्याकडं खेचरं होती. पाणी, रोट्या, दारूगोळा त्यांच्या पाठीवर लादायचा आणि चिखलातून डोंगर चढायचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि मी ते पोटात ठेवलं. सत्तावीस वर्षं ठेवलं.

आता माझं सांगते. लग्न झालं तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. हे पलटणीत, तिथला कुणीतरी यांना पत्र लिहून द्यायचा, आणि इथं पोस्टमन ते सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचा. सासरा, दीर, शेजारी, सगळे ऐकायला. 'सौ. बनूस सांगणे, तब्येतीस जपणे' एवढं आलं की सगळी हसायची, आणि मी आत चुलीपुढं पदरात तोंड घालून बसायची. त्या रागानं मी वाचायला शिकले. गुळाच्या पुडीच्या कागदावरनं, पंचांगावरनं, पुढं अर्जुनाच्या पहिलीच्या पुस्तकावरनं. यांना मात्र आपली अक्षरं कधी आली नाहीत. यांना पलटणीत रोमन शिकवलेलं, इंग्रजी अक्षरांत हिंदुस्थानी बोली लिहायची ती विद्या. म्हणजे आमच्या घरात दोन शिकलेली माणसं, आणि एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही. पत्रं मीच लिहायची. हे सांगायचे, मी लिहायची.

तर नकाशा. हे त्याच्यापुढं उकिडवे बसले आणि बोट ठेवून एकेक अक्षर हुडकायला लागले. शेजारचा आकाराम आला होता. तोही पलटणीतला, पण ब्रह्मदेशात लढलेला.

"काय हुडकताय, आबा? रोम हितं हाय बगा. केवढं थोरलं ल्हिलंय."

"रोम नगं. कासा."

"कासा?"

"गाव हाय. के, ए, एस, ए. ही नदी गावली बग. सांग्रो."

"सांगली?"

"सांग्रो. पर आमी सांगलीच म्हनायचो. आपली वाटायची." नदीवर यांचं बोट थांबलं. मग तिच्या दोन्ही काठांनी खाली-वर फिरलं. "हिच्या अंगालाच कासा हाय."

तासभर हुडकलं. आकारामनं दुसरीकडून हुडकलं. कासा सोडा, त्या नकाशात के हे अक्षरच मिळेना.

"आबा, ह्या मुलखात के न्हाईच की वं," आकाराम कंबर धरून उठला. "सगळी अक्षरं आली, के तेवढा ऱ्हायला."

मनुबाई कोपऱ्यावर बसून हसली आणि नकाशा चुरगळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "लिव." मी हवाईपत्र मांडीवर घेतलं.

"पैल्यांदा कासा गावाला जायाचं. सांग्रो नदीच्या अंगाला हाय. तितं मिया नावाची बाई ऱ्हाती, तिच्या घरी जायाचं. बाकी तुला जमंल तसं."

मी पेन थांबवलं. "मिया कोन?"

"हाय एक."

"हाय म्हंजी?"

"लिव म्हटलं तेवढं लिव की." हे उठले आणि बैलांकडं गेले. मागं वळून म्हणाले, "पैल्यांदा कासा, ध्येनात ठेव."

मनुबाई जोत्यावर ज्वारी पाखडत होती. तिचे कान कायम आमच्या सोप्यात. "बाई," ती म्हणाली, "कासा न्हाई गावलं, पर मिया गावली बगा."

"गप गं. म्हातारी झाली असंल आता."

"तवा न्हवती म्हनायची."

हसून सोडलं मी ते. पण सोडलं असं म्हणायला लागतं. मी पुढं जे केलं त्याचं खरं कारण ते नव्हतंच. सत्तेचाळीस वर्षांची बाई मी, कुठल्या मियाचा मत्सर करणार. खरं कारण माझ्या उशाखाली होतं. वाचनालयातलं युरोपच्या प्रवासाचं एक पुस्तक, पुढची पानं गेलेलं. मी ते चार वेळा वाचलं होतं. त्यात रस्त्यांच्या जागी पाणी असलेलं शहर होतं, कलता मनोरा होता, रोममधल्या देवळाचा घुमट होता, त्याची उंची मला पाठ होती. मला कुठं नेलं होतं यांनी आजवर? जेजुरी, जोतिबाचा डोंगर आणि मिरजेचा दवाखाना. जन्मात एकदा सात दिवस मिळत होते, आणि त्यांतला पहिला कुठल्या खेड्यातल्या बाईच्या घरी घालवायचा. खेडं मी रोज बघते.

मी लिहिलं : पहिल्या दिवशी व्हेनिस. दुसऱ्या दिवशी तिथंच, बोटीतून. तिसऱ्या दिवशी फ्लोरेन्स, जमल्यास कलता मनोरा. चौथा, पाचवा रोम. असं सगळं. चौदा ओळी झाल्या. मनोरा कुठल्या बाजूला कललाय ते अर्जुनानं आधी विचारून ठेवावं, म्हणजे फोटो नीट येईल, हेही लिहिलं. आणि शेवटी लिहिलं : 'आबांचं मत असंच आहे.'

कासा नाही. मिया नाही. पाणी लावून पत्र चिकटवलं आणि पोस्टात टाकून आले. वाटेत मला जराही वाईट वाटलं नाही. उलट चालताना पाय हलके होते, हे मला चांगलं आठवतं.

मग यांचं वाट बघणं सुरू झालं. हे कधी कशाची वाट बघताना दिसत नाहीत, पण त्या पंधरा-वीस दिवसांत पोस्टमनची सायकल वाजली की हे गोठ्यातून बाहेर यायचे. नकाशा सोप्यात तसाच पसरलेला. त्याची घडी कुणालाच जमत नव्हती. जाता-येता हे त्या नदीपाशी वाकायचे.

उत्तर आलं तेव्हा सोपा भरलेला. आकाराम, त्याची बायको लीलाबाई, मनुबाई, माझे दीर भाऊसो, आणि गल्लीतली चार माणसं. इटलीचा कार्यक्रम आता गावाचाच झाला होता. मी पत्र मोठ्यानं वाचलं. अर्जुनानं सगळं ठरवलं होतं. अमुक दिवशी व्हेनिस, तमुक दिवशी फ्लोरेन्स, कोणत्या रस्त्यानं, किती मैल. 'आबांची आवड बघून मी थक्क झालो,' असंही त्यानं लिहिलं होतं. मी वाचत गेले. सातवा दिवस झाला. पत्र संपलं.

हे खांबाला टेकून बसले होते. म्हणाले, "आन कासा?"

माझ्या हातात पत्र. सगळी माझ्याकडं बघत होती. त्या वेळी म्हणता आलं असतं की राहिलं लिहायचं, पुढच्या पत्रात लिहिते. एवढं साधं होतं.

"त्येचं कायच न्हाई लिवलं त्यानं," मी म्हणाले.

"कायच न्हाई?"

"न्हाई."

"बग की नीट. खालच्या अंगाला आसंल."

दुसऱ्यांदा विचारलं म्हणून मी चिडले. खोटं बोलणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारलं की राग येतो. "आवं, असलं गाव असंल तर लिवंल न्हवं त्यो! तुमाला काय म्हाईत गाव आन् शेर. लढाईत तुमी खेचरांच्या मागं. खेचराचं शेपूट दिसलं तेवढीच तुमची इटली!"

आकारामनं विचारलं, "खेचरांच्या? म्हंजी मशीनगन..."

"मशीनगन खेचराच्या पाठीवर," भाऊसो म्हणाले, आणि सोपा फुटला. लीलाबाईला ठसका लागला. मीही हसले. हेही सांगायलाच पाहिजे.

हे हसले नाहीत, रागावले नाहीत. उठले. घोंगड्यावरच्या नकाशापुढं बसले, तांब्या उचलला, डबा उचलला, पायली उचलली, आणि मूळच्या घड्यांवर घडी घालत गेले. एकही घडी उलटी पडली नाही. वीतभर चौकोन झाला. तो माझ्यापुढं ठेवला आणि रानात गेले.

पंधरा दिवसांत गावात 'इटलीचं आबा'चं 'खेचराचं आबा' झालं. तोंडावर कुणी म्हणत नव्हतं, एक भाऊसोंचा मेव्हणा सोडला तर. पण यांचं पारावर जाऊन बसणं बंद झालं. संध्याकाळी तासभर पारावर बसायचं, तेवढीच यांची चैन. आता हे त्या वेळी बैलांची शिंगं साळत, तासून गुळगुळीत करत बसायचे. बैलांची शिंगं साळायला रोज लागत नाहीत.

मे महिना आला. आमच्यात मेमध्ये पेरणीसाठी भुईमुगाच्या शेंगा फोडतात. बियाणाचं काम यांचं, दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. बियाणाचं मडकं, वर राख, तोंडाला शेणानं लिंपलेलं, आणि त्याच्याजवळ कुणी गेलं तरी हे उठून बसतात. फोडताना पोरांनी एक दाणा तोंडात टाकला तर थापड बसायची. अर्जुनानं लहानपणी खाल्लीय ती. मला वाटायचं, पलटणीची शिस्त.

त्या दिवशी मी जेवण घेऊन रानातल्या छपरात गेले तर हे शेंगा बाजूला ठेवून पाटीवर हवाईपत्र घेऊन बसले होते. पेन्सिलीनं लिहीत होते. इंग्रजी अक्षरं, मोठी, सुटी, एकेक अक्षर रोप लावावं तसं. मी आल्यावर लपवलं नाही. लपवायची गरजच नव्हती, मला कुठं वाचता येत होतं.

"कुनाला?"

"अर्जुनाला."

"मी लिवलं असतं की."

यांनी पेन्सिल थुंकीनं ओली केली आणि पुढचं अक्षर काढलं.

अठ्ठावीस वर्षांच्या संसारात यांचं एक पत्र माझ्या हाताखालून न जाता चाललं होतं. आधी मला झोंबलं ते तेच. भाकरीचं फडकं सोडता सोडता लक्षात आलं की झोंबायचा हक्क मी गमावलाय. मी खाली बसले. म्हणाले, "आवं, त्यानं गाळलं न्हवतं. म्याच लिवलं न्हवतं. कासाचं."

"ठावं हाय."

"कवापास्नं?"

"तवापास्नं." यांनी वर पाहिलं नाही. "दारातनं बगितलं म्या. एवढंसं सांगून उठलो हुतो. तू पान भरलंस."

"मग सोप्यात इचारलासा कशापायी?"

"म्हटलं, सांगतीस का बगावं."

छपरावर कावळा बसला होता, त्याची नखं पत्र्यावर वाजत होती. मला वाटलं, यांनी मला मारलं असतं तरी चाललं असतं. यांनी मारलं नाही कधी, तेव्हाही नाही.

"मिया कोन?" मी विचारलं. मत्सरानं नाही. मला बोलायला काहीतरी पाहिजे होतं.

यांनी शेंगांचं सूप पुढं ओढलं आणि फोडत फोडत सांगितलं. सलग नाही, मधे मधे थांबून.

थंडीचे दिवस. नदीपलीकडं लढाई अडलेली. चिखलामुळं खेचरांचा चारा तीन दिवस आला नव्हता, आणि खेचरं बसली की वरच्यांचा दारूगोळा बसला. हुकूम झाला की मिळेल तिथून चारा आणा. डोंगराच्या कडेला एकच घर. घरात एक म्हातारी. गोठा रिकामा, जनावर कुणीतरी आधीच नेलेलं. हे आत शिरले, खाटेखाली बघितलं तर दोन पोती गहू.

"मी पोतं वढलं तशी ती आडवी पडली," हे म्हणाले. "बोलाय लागली, मला काय कळतंय तिची भाषा. मग तिनं वटा धरला." यांनी धोतराचा सोगा पुढं धरला आणि दुसऱ्या हातानं त्यातलं नसलेलं काही मूठ मूठ पुढं फेकलं. फोकून पेरतात तसं. एकदा, दोनदा, तीनदा. "आन् भाईर रानाकडं हात केला."

भाकरी फडक्यातच होती.

"बियानं हुतं ते. मला कळलं. शेतकऱ्याच्या पोराला न्हाई कळायचं? पर म्या मान हालवली. कळत न्हाई म्हनून. नो, नो. तिनं परत करून दावलं. तिला वाटलं, सोजीराला शेती ठावं न्हाई. म्या परत मान हालवली."

शेंग फुटली, दाणे सुपात पडले.

"दोन दिसांत खेचरांनी खाल्लं. निघताना दारात हुबी हुती. म्हटलं, नाव तरी ठावं असावं. इचारलं, गावाचं नाव काय. खुणंनं. तिनं छातीवर हात मारून घेतला. कासा, कासा मिया. परत परत तेच. कासा गाव, मिया तिचं नाव."

"मग आता जाऊन काय करनार?" मी विचारलं. "ती असंल का तरी? गहू देनार काय त्येंच्या पोराबाळास्नी?"

"गहू न्हेऊन काय. त्यो हंगाम ग्येला." यांनी सूप पाखडलं. "मला कळलं हुतं, तेवढं सांगायाचं हाय."

मी घरी आले ती बांधाबांधानं, रस्त्यावर कुणी भेटू नये म्हणून. रोमच्या त्या घुमटाची उंची मला अजून पाठ होती. विसरायचा प्रयत्न केला, विसरली जाईना.

यांच्या पत्राला उत्तर आलं ते दोन कागदांचं. एक इंग्रजी अक्षरांत, यांना. एक आपल्या अक्षरांत, मला. सोप्यात पुन्हा तीच मंडळी जमली. पोस्टमन येताना दिसला की आता जमायचीच. हे आपला कागद घेऊन उंबऱ्यावर बसले. बोट ठेवून वाचत होते, ओठ हलत होते. मधेच बोट थांबलं आणि पुढं सरकेना.

"काय म्हनतोय, आबा?" आकारामनं विचारलं. "गावला का के?"

"त्ये लोक के लिवतच न्हाईत म्हनं. सी लिवत्यात." हे थांबले. "आन् कासा म्हंजी घर."

"कुनाचं?"

"कुनाचं बी. घराला कासा म्हनत्यात. आन् मिया म्हंजी माजं."

आकारामला ते लागलं नाही, तो 'मग गाव कंचं?' म्हणत राहिला. मला लागलं. ती नाव सांगत नव्हती. दारात उभी राहून, छातीवर हात मारून ती तेवढंच म्हणत होती. यांनी माझ्याकडं बघितलं आणि कागद खिशात घातला.

माझं पत्र माझ्या हातात होतं. मी ते वाचायला लागले, मोठ्यानं. गावाचं नाव नाही, तेव्हा घर सापडणं कठीण, अर्जुनानं लिहिलं होतं. पण नदी आहे, काठानं खेडी आहेत, विचारत फिरता येईल. मात्र नदी पूर्वेला आणि रोम, मनोरा हे सगळं पश्चिमेला, मधे डोंगर, माझी गाडी म्हातारी. सात दिवसांत दोन्ही होणार नाही. एक ठरवून कळवा. आणि खाली एक ओळ होती : 'आई, आबांना तिथं जायचं होतं तर तू मागच्या पत्रात का लिहिलं नाहीस?'

ती ओळ मला गाळता आली असती. माझ्याशिवाय कुणाला वाचता येणार होती? भाऊसोंना येते, पण त्यांचा चष्मा घरी होता. मी वाचली. वाचून म्हणाले, "यांनी मला लिवायला सांगितलं हुतं. म्या लिवलं न्हाई. आन् त्या दिवशी हितं बसून खोटं बोलले. खेचरावरनं हसायला म्याच लावलं तुमाला."

मला वाटलं होतं, असं सगळ्यांसमोर सांगितलं की यांचं गेलेलं परत येईल.

"आँ!" मनुबाई म्हणाली. "म्हंजी आबा सांगत्यात एक, आन् बाई ल्हित्यात आपल्या मनाचं?"

"आनि दादाला पत्ता न्हाई!" भाऊसो म्हणाले. "मागच्या सगळ्या पत्रांत काय काय ल्हिलं असंल, दादा? माझ्या वाटणीचं काय ल्हिलं न्हाईस न्हवं, वैनी?"

पुन्हा हसली सगळी. या वेळी जोरात. आणि हसणं माझ्यावर नव्हतं, पुन्हा यांच्यावरच होतं. बायको हातात पेन घेऊन ज्याला फिरवते तो माणूस. मी मान वर करू शकले नाही. चांगलं करायला गेले तिथंही यांनाच खाली बघायला लावलं.

हे उंबऱ्यावरून उठून आत आले, माझ्याजवळ बसले. हसणं थांबेपर्यंत थांबले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "घे कागद. लिव. रोमच बगायचं. तो वाकडा मनोरा बी. तिला लय दिसांपास्नं बगायचाय."

यांना पुस्तक ठाऊक होतं. उशाखालचं.

मी हवाईपत्र काढलं. पेनाचं टोपण काढलं. 'चि. अर्जुनास' एवढं लिहिलं आणि पुढं हात चालेना. रोम लिहिलं तर काय, आणि सांग्रो लिहिलं तर पुन्हा यांचं सांगितलेलं सोडून माझंच. कसंही लिहिलं तरी माझ्याच हाताचं होणार होतं ते.

"ह्ये मी लिवनार न्हाई," मी म्हणाले. "तुमी लिवा."

"आगं..."

"तुमच्या अक्षरात लिवा. काय लिवायचं त्ये लिवा. मला सांगू नका."

सगळ्यांसमोर मी पेन यांच्या हातात दिलं. यांना पेनाची सवय नाही, पेन्सिलीची आहे. सोप्यात सगळ्या माना पुढं आल्या. यांनी कागद गुडघ्यावर घेतला, पाठ भिंतीकडं केली, आणि लिहायला लागले. दोन-तीनच ओळी असाव्यात. वेळ खूप लागला. मनुबाई दोनदा खोकली. भाऊसो चष्मा आणायला पाहिजे होता म्हणाले. कागद कोरडा होऊ दिला, आणि उघडाच माझ्याकडं दिला. चेहऱ्यावरून काही कळेल म्हणून मी बघितलं. काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पत्र टाकायला पलूसला गेले. एसटीतून उतरले तर आकाराम बाजारात भेटला. त्याला पत्र दिसलं.

"वैनी, चिकटवलं न्हाई अजून? द्या हिकडं, वाचून दावतो. रोमनच हाय न्हवं, मला येतंय."

पत्र माझ्या हातात उघडं होतं. घडी जरा सैल केली असती तर त्यानं दोन मिनिटांत सांगितलं असतं.

"आर्जुनाचं हाय त्ये," मी म्हणाले.

"आवं, म्या काय परका हाय?"

"न्हाई. पर त्येचं हाय."

त्याच्या देखत मी कडेचा डिंक जिभेनं ओला केला, चारी बाजूंनी दाबला आणि पेटीत टाकलं. आकाराम म्हणाला, "तुमी बी लय इचित्र हायसा," आणि मिरच्या घ्यायला गेला.

आज त्याला बारा दिवस झाले. उत्तर यायला अजून आठवडा तरी लागेल. हे पुन्हा पारावर जायला लागलेत असं नाही. काल मी बियाणाच्या शेंगा फोडायला बसले तर यांनी अडवलं नाही, माझ्याशेजारी येऊन बसले, एवढंच. मी विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. नदी लिहिली असेल तर मी त्या काठानं दार न् दार हिंडेन, यांच्यामागं उभी राहीन, आणि 'कळलं होतं' याला त्या बोलीत काय म्हणतात ते अर्जुनाकडून पाठ करून घेईन.

पण खरं सांगते. पत्र पेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हा माझ्या मनात पहिलं जे आलं ते असं, की रोम लिहिलं असलं तर बरं.